घरात कोणता प्राणी आणावा? पोपट, तारा कासव, लाल कानांचे कासव आणि बजेरिगर यांचा तुलनात्मक आढावा

शहरातील सदनिकेत राहणाऱ्या आणि कुत्र्यामांजरासाठी पुरेशी जागा किंवा सोसायटीची संमती नसलेल्या कुटुंबांत मुलांच्या हट्टामुळे जेव्हा 'लहानसा, कमी त्रासाचा' प्राणी आणण्याचा विषय निघतो, तेव्हा बहुधा चार नावे पुढे येतात. पहिला आपला हिरवा पोपट, दुसरे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव, तिसरे दुकानातील काचेच्या टाकीत पोहणारे लाल कानांचे कासव आणि चौथा बजेरिगर, ज्याला आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हटले जाते. त्यांची तुलना करताना किंमत, दिसणे आणि खाण्याचा खर्च एवढेच पाहिले जाते. माझ्या मते यांहून महत्त्वाचा निकष वेगळा आहे. चार-पाच वर्षांनी बदली झाली, मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेली किंवा घरात कोणाला श्वसनाचा त्रास सुरू झाला आणि प्राणी सांभाळणे अशक्य झाले, तर तो कुठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर चौघांच्या बाबतीत अगदी वेगवेगळे आहे, आणि ते प्राणी घरी येण्यापूर्वीच ठाऊक असायला हवे.

कायदा काय म्हणतो

पोपट आणि तारा कासव यांच्याबाबतीत निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही भारतीय वन्यजीव आहेत, दोघांनाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली असून सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा याहून कठोर आहे. आजोबांच्या काळी ओसरीवर पिंजरा टांगलेला असे, हे खरे असले तरी त्यामुळे पोपट पाळीव ठरत नाही. कुत्रा किंवा कोंबडी हजारो वर्षे माणसाच्या सान्निध्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहे, तर बाजारात येणारा पोपट हा झाडाच्या ढोलीतून, डोळे जेमतेम उघडलेले असताना काढलेला रानातला जीव असतो. तारा कासवाच्या तस्करीचे प्रमाण इतके वाढले की २०१९ मध्ये त्याला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून त्याचा व्यापारी हेतूने होणारा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करावा लागला. घरात कासव ठेवल्याने भरभराट होते ही समजूत त्या मागणीला आजही खतपाणी घालते, याचे मनापासून वाईट वाटते.

लाल कानांचे कासव आणि बजेरिगर हे दोघेही परदेशी आहेत, म्हणून ते दुकानांत उघडपणे मिळतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. परदेशी म्हणजे सरसकट मोकळीक, असे नाही. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या साइट्सच्या यादीतील प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते आणि त्यांचे हस्तांतर, जन्म व मृत्यूही कळवावे लागतात. बजेरिगर साइट्सच्या यादीतून वगळलेला असल्यामुळे त्याला ही अट लागू होत नाही. आक्रमक विदेशी प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे, त्यामुळे लाल कानांच्या कासवाबाबतची आजची मोकळीक कायम राहील असे गृहीत धरू नये.

किती वर्षे आणि किती जागा

दुकानात दिसणारे दृश्य बहुतेकांनी पाहिलेले असेल. प्लास्टिकचा लहानसा डबा, त्यात मधोमध प्लास्टिकचे माडाचे झाड, बोटभर पाणी आणि त्या पाण्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठी, हिरवीगार पाठ असलेली कासवाची पिल्ले, ज्यांच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो. काही शे रुपयांत पिल्लू मिळते आणि सोबत वाळवलेल्या कोळंबीसारख्या खाद्याची डबी दिली जाते. हेच पिल्लू पुढे वाढत जाते. मादीची पाठ २५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब होते आणि हा प्राणी नीट सांभाळला तर २० ते ४० वर्षे जगतो. पूर्ण वाढलेल्या एका कासवासाठी तीनशे-चारशे लिटरची टाकी, पाणी गाळणारे भक्कम यंत्र, पाण्याबाहेर येऊन अंग शेकण्यासाठी कोरडी जागा आणि थेट ऊन मिळत नसेल तर अतिनील किरणांचा दिवा, एवढे सगळे लागते. नुसत्या वाळवलेल्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडते, त्याचे डोळे सुजून मिटतात आणि दिसत नसल्यामुळे ते खाणेही सोडते. ऊन आणि कॅल्शियम कमी पडले की कवच कडक न होता बोटाने दाबले जाईल इतके मऊ पडते. याखेरीज कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी होणारी विक्री बंद केली, कारण लहान मुले ही पिल्ले हाताळून तेच हात तोंडात घालत असत.

बजेरिगर या तुलनेत पुष्कळच सुसह्य आहे. त्याचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे असते आणि त्याला लागणारी जागा सदनिकेत देता येते, फक्त पिंजरा उंचीपेक्षा लांबीने मोठा हवा, कारण त्याला आडवे उडायचे असते. तो थव्याने राहणारा पक्षी आहे, म्हणून एकटा ठेवू नये. अडचण येते ती पिंजऱ्यात टांगलेल्या मातीच्या मडक्यामुळे. मडके दिसले की जोडी अंडी घालू लागते, साधारण १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि दोनांचे दहा व्हायला वेळ लागत नाही. पुढे नकोशा झालेल्या पक्ष्यांपैकी कितीतरी याच जादा पिल्लांमधून आलेले असतात, आणि मडके काढून टाकणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

पोपटाचे आयुष्य पिंजऱ्यातही वीस-तीस वर्षांचे असू शकते. मिरची, पेरू आणि भिजवलेली डाळ एवढ्यावर एकटा ठेवलेला हा बुद्धिमान पक्षी अनेकदा स्वतःचीच पिसे उपटू लागतो. तारा कासव कित्येक दशके जगते आणि चुकीचा आहार मिळाला तर त्याचे कवच उंचवट्या-उंचवट्यांनी वेडेवाकडे वाढते, जे पुन्हा कधीच सरळ होत नाही.

सोडून दिल्यावर काय होते

आपल्याकडे प्राणी सोडून देणाऱ्याच्या मनात क्रूरपणा क्वचितच असतो. बहुतेकांना आपण त्याला स्वातंत्र्य दिले असेच वाटते, आणि देवळाच्या तळ्यात कासव सोडले तर पुण्यही पदरी पडते अशी श्रद्धा असते. म्हणूनच या मुद्द्यावर जरा थांबून विचार करणे मला आवश्यक वाटते, कारण चारही प्राण्यांच्या बाबतीत हे स्वातंत्र्य बहुतेक वेळा कोणाच्या ना कोणाच्या मरणाला कारण होते. मरणारा कधी सोडलेला प्राणी असतो, तर कधी त्या तळ्यातला मूळचा रहिवासी.

बजेरिगर आणि हाती वाढलेला पोपट यांच्या बाबतीत नुकसान मुख्यतः त्यांचे स्वतःचे होते. बजेरिगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला असला तरी आपल्याकडचे पक्षी कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. निळ्या-पिवळ्या ठळक रंगाचा हा पक्षी गॅलरीतून सुटला की कावळे त्याच्या मागे लागतात, शिक्रा त्याला सहज टिपतो, आणि यातून वाचला तरी खायचे काय हे त्याला कळत नाही. पोपट आपल्याच देशातला असला तरी पिल्लू असताना घरी आलेल्या पक्ष्याला थव्यात राहण्याचे, फळ शोधण्याचे आणि धोका ओळखण्याचे शिक्षण मिळालेले नसते. पंख छाटलेले असले तर नवी पिसे येईपर्यंत त्याला नीट उडता येत नाही, आणि छाटलेले नसले तरी उडण्याचे स्नायू दुबळे पडलेले असतात. शिवाय बंदिस्त पोपटांत चोच आणि पिसांचा एक विषाणुजन्य रोग आढळतो, तो सोडलेल्या पक्ष्याबरोबर रानातल्या थव्यांत जाण्याची शक्यता असते.

तारा कासवाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ते गुजरात-राजस्थानच्या बाजूला आणि दक्षिण भारतात, अशा एकमेकांपासून दूर असलेल्या भागांत आढळते आणि या दोन भागांतील कासवे आनुवंशिकदृष्ट्याही वेगळी आहेत. आपल्या हातातले कासव नेमके कोठून आले हे घरमालकाला सांगता येत नाही, त्यामुळे ते जवळच्या माळरानावर सोडणे म्हणजे कदाचित त्याला परक्या हवामानात ढकलणे, किंवा तिथल्या मूळ कासवांत नको ती सरमिसळ करणे ठरते.

लाल कानांच्या कासवाचे मात्र सगळेच उलटे आहे. ते सोडल्यावर मरत नाही, आणि हीच खरी काळजीची बाब आहे. मूळचे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव घाणेरड्या पाण्यात तग धरते, गोगलगायी, बेडकांची पिल्ले, मासे आणि पाणवनस्पती असे जे मिळेल ते खाते, आणि त्याची मादी एका हंगामात अनेकदा अंडी घालू शकते. जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून ५ कोटींहून अधिक कासवे जगभर निर्यात झाली, आणि पाळणाऱ्यांनी जिथे जिथे ती सोडली तिथे तिथे ती रुजली. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांनी युरोपातील स्थानिक कासवे आणि ही कासवे एकत्र ठेवून निरीक्षण केले, तेव्हा ऊन खाण्याच्या चांगल्या जागा पाहुण्यांनी बळकावल्या आणि स्थानिक कासवांचे वजन घटून त्यांच्यात मृत्यूही अधिक झाले. कासवाला अन्न पचवण्यासाठी आणि अंग कोरडे करून रोग दूर ठेवण्यासाठी ऊन घ्यावेच लागते, त्यामुळे तळ्यातला एक दगड हातचा जाणे हेही त्याच्या दृष्टीने मोठे नुकसान असते. आपल्या तळ्यांतील काळे कासव ऊन घेण्यासाठी असेच दगड आणि ओंडके शोधते. भारतात २०१८ मध्ये केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात ही कासवे सापडल्यावर पीची येथील केरळ वनसंशोधन संस्थेने ती गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तलावातही ती आढळली.

हे एकट्या या कासवाचे वैशिष्ट्य नाही. मत्स्यपेटीतून सोडलेला सकर मासा महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात पोहोचला असून त्याच्या काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेल्या बर्मी अजगरांनी ठाण मांडल्यानंतर तिथे रॅकूनचे दिसणे ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपला पोपटसुद्धा लंडन, ब्रसेल्स अशा शहरांत पिंजऱ्यातून सुटून किंवा सोडला जाऊन स्थिरावला आहे, आणि स्पेनमधील सेव्हिलच्या एका उद्यानात त्याने ढोल्यांसाठी तिथल्या दुर्मिळ वटवाघळांवर हल्ले करून त्यांना हुसकावून लावले आहे.

मग निवड कोणती

पोपट आणि तारा कासव ही नावे यादीतून काढून टाकावीत. कोणी 'कागदपत्रे देतो' असे सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. लाल कानांचे कासव आज कायद्याच्या कचाट्यात सापडत नसले तरी माझे मत त्याच्याही स्पष्टपणे विरोधात आहे, कारण पुढची तीस वर्षे त्याची जबाबदारी घेण्याची खात्री क्वचितच कोणी देऊ शकते आणि जागा पुरेनाशी झाली की त्याला घ्यायला दुसरे कोणी तयार होत नाही. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्ये थांबवली, तेव्हा विक्रेते त्याच्याच जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या कासवांकडे वळले. म्हणून 'हे लाल कानांचे नाही, वेगळे आहे' असे दुकानदार म्हणाला तरी निर्णय बदलण्याचे कारण नाही. उरतो बजेरिगर. त्याची जोडी, लांब पिंजरा, मडक्याचा अभाव आणि दहा वर्षांची तयारी असेल तर त्याला माझा विरोध नाही, आणि वेळ आलीच तर त्याला दुसरे घर मिळणेही तुलनेने सोपे आहे.

प्राणी आधीच घरात असेल तर

पोपट किंवा तारा कासव घरात असेल तर ते स्वतःहून कुठेही सोडू नये. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवून मार्गदर्शन घ्यावे. पुनर्वसनात पक्ष्याला मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो, तो घरी देता येत नाही. उपासमार घडेल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे, मग तो प्राणी देशी असो वा परदेशी.

लाल कानांचे कासव असेल तर पहिला पर्याय ते शेवटपर्यंत सांभाळण्याचाच आहे, आणि दुसरा म्हणजे बंदिस्त टाकी किंवा हौद असलेल्या, विश्वासू व्यक्तीकडे देण्याचा. जपानने २०२३ पासून याच विचाराने नियम केला आहे. तिथे घरातले कासव सांभाळण्याची मुभा आहे, पण ते मोकळ्या पाण्यात सोडण्यास आणि विकण्यास मनाई आहे. बचाव केंद्राला विचारायचे झाले तर आधी दूरध्वनी करावा, कारण या कासवांसाठी जागा बहुतेक ठिकाणी अपुरी असते. नेताना ते पाण्याच्या बादलीत न घालता हवेशीर, कोरड्या खोक्यात ओलसर कापडावर ठेवावे. मादी नराशिवायही अंडी घालते, तिला ती घालण्यासाठी टाकीबाहेर वाळूची परात द्यावी. नर जवळ असेल तर घातलेली अंडी त्याच दिवशी काढून फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे पिल्ले होणार नाहीत.