बीटचा गुलाबी रंग साबणात टिकला, तिथंच कळायला हवं होतं

मेल्ट अँड पोअर साबणात, म्हणजे तयार बेस वितळवून साच्यात ओतलेल्या वडीत, घातलेल्या 'बीट पावडर'चा रंग पंधरा दिवसांनीही गुलाबीच राहिला, तर खूश होऊ नका. ते बीट नाही. सांगलीतल्या आमच्या बचत गटाचे 2,350 रुपये याच खुशीत गेले, शिवाय अकरा किलो सोप बेस वाया गेला.

फसवणुकीची पद्धत नीट बघा, कारण त्यात विक्रेत्याला फार खोटं बोलावंच लागत नाही. आधी तो 10-10 ग्रॅमच्या नमुन्याच्या पुड्या देतो. त्या अस्सल असतात. साबणात घातल्यावर बीट दोन दिवसांत मातकट होतं, गोकर्णाचा निळा हिरवट होऊन विटतो, गुलाब पावडर चहाच्या चोथ्यासारखी दिसते. आपण तक्रार करतो. मग तो म्हणतो, "ताई, तो कच्चा माल होता. फिक्सर मारलेला नॅचरल रंग देतो, जरा महाग पडेल." म्हणजे खरा माल आपणच नाकारतो आणि खोटा आपणच मागून घेतो. बीट, हळद आणि गोकर्ण यांचा रंग साबणात पक्का करणारं 'फिक्सर' नावाचं काही नसतं.

कारण साधं आहे. साबणाचा बेस अल्कधर्मी असतो, पीएच साधारण 9 ते 10. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतो, हे घराघरांत माहीत आहे. वडीतही तेच घडतं. खरी हळद बेसमध्ये पडली की पिवळी राहत नाही, केशरी-विटकरीकडे झुकते आणि उजेडात ठेवली की फिकी पडत जाते. आमच्या पाकिटातली 'सेलम हळद' लिंबासारखी पिवळीधमक राहिली. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या गावात बसून आम्ही ती कौतुकाने फोनवर दाखवत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

माल घेण्याआधी दुकानातही करता येईल अशी चाचणी सांगतो. अर्धा कप कोमट पाण्यात पाव चमचा पावडर ढवळा, पाच मिनिटं बसू द्या, वरचं रंगीत पाणी दोन वाट्यांत ओता. एका वाटीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. खाण्याचा सोडा नको, तो सौम्य पडतो. हळद असेल तर पाणी लालसर-तपकिरी होतं. बीटचं लाल पाणी पिवळट-मातकट होतं, गोकर्णाचं निळं पाणी हिरवं पडतं, जास्वंदीचंही हिरवटाकडे जातं. सोडा टाकूनही दोन्ही वाट्या जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तर पाकीट परत करा. आमच्या बीटच्या दोन्ही वाट्या शेवटपर्यंत सारख्याच राणी रंगाच्या होत्या. त्यात बुडवलेली सुती कापडाची चिंधी नळाखाली चोळली, तरी रंग सुटेना. खऱ्या बीटचा डाग इतका चिवट नसतो.

दुसरी खूण फेसाची. वडी कितीही रंगीत असली तरी फेस पांढरा यायला हवा. फेस गुलाबी आला, टॉवेलला डाग पडला, तर तो रंग अंगावर वापरायचा नाही. आमच्याकडे पहिली वडी परत आली ती पांढऱ्या पंच्यासकट.

पाकळ्यांचा धंदा वेगळा. 'रंग न उडणाऱ्या गुलाबपाकळ्या' अशी वस्तूच नाही. बेसमध्ये ओलावा आणि अल्कली दोन्ही असतात, त्यामुळे पाकळी दोन-चार दिवसांत तपकिरी होते. लॅव्हेंडरची बोंडंही काळपट पडून उंदराच्या लेंड्यांसारखी दिसतात. जाहिरातीतले फोटो साबण ओतल्यावर तासाभरात काढलेले असतात. रंगवलेल्या पाकळ्या ओळखायला पारदर्शक बेस बरा: पाकळीभोवती गुलाबी वर्तुळ पसरतं, काठ धूसर होतो आणि मधली पाकळी पांढुरकी उरते. आमच्या पन्नासेक वड्यांत हे वर्तुळ दुसऱ्या दिवशी सकाळी उमटलं होतं.

साबणात रंग टिकवणारं फूल म्हणजे कॅलेंडुला, दिसायला झेंडूसारखं, म्हणून त्याच्या नावाखाली झेंडू खपवतात. कॅलेंडुलाची पाकळी अरुंद, सरळ, पट्टीसारखी असते आणि टोकाला तीन बारीक दाते असतात. झेंडूची पाकळी रुंद, चुरगळलेली, खाली नळीसारखी निमुळती. चोळली की तोच उग्र वास. हाराच्या झेंडूवर कुठली औषधं मारलेली असतात कोण जाणे. दसऱ्याचा उरलेला झेंडू वाळवून कॅलेंडुलाच्या भावाने घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

नवीन रंग आला की आता आधी 100 ग्रॅम बेसवरच बघायचं. बेसचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, पातेल्यात पाणी ठेवून वरच्या स्टीलच्या भांड्यात वितळवा. उकळी नको, उकळला की बेस चिवट होतो आणि वास बदलतो. वनस्पतीची पावडर 1 ग्रॅमच्या वर नको. ती आधी तिप्पट ग्लिसरीनमध्ये घोटून घ्या. कोरडी टाकली तर गुठळ्या होतात आणि वडीवर ठिपके दिसतात. बेस 50 अंशांच्या आसपास उतरला की ओता, जास्त गरम ओतला तर पावडर तळाला बसते. तीन वड्या पाडा: एक कपाटात, एक खिडकीत, एक रोज हात धुवायला. आठ दिवस थांबा. विक्रेता याच आठ दिवसांत "स्टॉक संपतोय" म्हणून फोन करतो. करू द्या.

गुलाबी, निळा, जांभळा टिकाऊच हवा असेल तर मार्ग आहेत. मंजिष्ठेने विटकरी-गुलाबी येतो. रतनजोतची मुळी तेलात लाल आणि साबणात जांभळट-निळी होते, पण 450 ग्रॅम बेसला चमचाभरापेक्षा जास्त तेल घातलं तर फेस मरतो. आयर्न ऑक्साइड आणि निळा अल्ट्रामरीन हे खनिज रंग पक्के राहतात. ते कारखान्यात बनतात आणि सरळ माणूस तसंच सांगून विकतो. पाकिटावर सीआय क्रमांक, म्हणजे कलर इंडेक्समधला त्या रंगाचा ठरलेला क्रमांक, बघा: अल्ट्रामरीन 77007, लाल ऑक्साइड 77491. रांगोळीचा रंग, कापडाचा रंग, भिंतीची गेरू यातलं काहीही नको. कॉस्मेटिकच्या रंगात शिसं दशलक्षात 20 भागांच्या आणि आर्सेनिक 2 भागांच्या आत असावं लागतं. सुट्या पुडीबद्दल हे कुणीच सांगू शकत नाही. आमच्या सहाही पाकिटांवर सीआय क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता आणि बिल कच्चं होतं. एवढं बघूनच उठायला हवं होतं.

पैसे मागितल्यावर उत्तरं ठरलेली: "तुमचा बेस खराब", "फोडलेलं पाकीट परत नाही", आणि शेवटी हळूच, "तुमचं लायसन आहे का?" घाव इथंच बसतो. कॉस्मेटिक्स नियम 2020 नुसार विक्रीसाठी साबण बनवायला परवाना लागतो, तो बऱ्याच गटांकडे नसतो, म्हणून माणूस तक्रारच करत नाही. आधी परवान्याचं बघा, आणि तोवर विक्री थांबवा. आम्ही थांबवली आहे.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर एरवी दाद मिळत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल कायद्याने त्यातून वगळला आहे. अर्जात हे स्पष्ट लिहा. ऑनलाइन पैसे भरून मालच आला नाही, तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. रंगाच्या नमुन्याबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. सगळी पाकिटं फोडू नका, एक सीलबंद ठेवा, आणि 'नॅचरल' असं लिहिलेला विक्रेत्याचा मेसेज स्क्रीनशॉट काढून जपा. आमच्या माणसाने तो तिसऱ्या दिवशी डिलीट केला होता.