तापीवर हवा भरायची कयाक: दिवाळी ते मे

कयाक घेताना जो तो विचारतो, स्पीड किती, सीट कशी. तापीवर चालवायची असेल तर आधी वजन विचारा. माझी दोन सीटची, पीव्हीसीची, पंप आणि वल्ही सोडून १७ किलो आहे. म्हणूनच ती अजून माळ्यावर गेलेली नाही.

कारण बॅरेज, म्हणजे नदीवर आडवे दरवाजांचे बंधारे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, एकाखाली एक. पावसाळा ओसरला की दरवाजे बंद होतात आणि मागे लांबवर संथ फुगवटा उभा राहतो. वल्हवायला झकास! पण बोट खाली उतरवायला लॉक एकालाही नाही. गंगेवर फराक्क्याला आहे: बोट दोन दरवाजांमधल्या हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडत हौद खालच्या पातळीला आणायचा, मग पुढचा उघडायचा. २०१६ च्या कायद्याने आपली तापीही हतनूर धरणापासून समुद्रापर्यंत राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० झाली. कागदावर! प्रत्यक्षात दरवाजांच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागायचं, हवा सोडायची, घडी पिशवीत आणि पिशवी पाठीवर. बॅरेजखाली जानेवारीतच खडक आणि डबकी, त्यामुळे पुढचा फुगवटा गाठायला गाडीच लागते. घडी घालण्याआधी चिखल पुसून घ्या, नाहीतर पिशवीला जो वास येतो तो जात नाही.

तळ जाड आहे, त्याची तक्रार नाही. वेड्या बाभळीचा काटा घुसला तो बाजूच्या ट्यूबमध्ये. साबणाच्या पाण्याचा फेस लावून भोक सापडलं, पण सोबत आलेला गोंद ट्यूबमध्येच वाळलेला. पंक्चरवाल्याने टायरचं सोल्युशन लावून दिलं, ते पीव्हीसीवर धरत नाही. ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटलं. पीव्हीसीचा गोंद वेगळा मिळतो, तो आधीच घेऊन ठेवा.

एप्रिलपासून दुसरं दुखणं. सकाळी टणक भरलेली ट्यूब काठावर उन्हात राहिली की डमरूसारखी वाजायला लागते. बोट पाण्याबाहेर ओढली की थोडी हवा सोडायचीच. बोट सरळ ठेवणारी खालची फिन, म्हणजे पातं, जलपर्णीत अडकते, तिथे ती काढून टाकलेली बरी. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजा आणि लांबून वळसा घाला. भोयांचं पोट त्यावर आहे.

गावं पाण्यातून वेगळीच दिसतात. हतनूरच्या फुगवट्यात, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ रस्त्याने कितीदा पाहिलेलं, पण नदीतून जाताना ते आधी दिसतं आणि गाव मागून येतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजार भरतो तेव्हा, जाऊ नका. बोट लावायला जागा मिळत नाही. एरवी तिथे निवांत असतं. मी पंप मारत होतो, तर एक आजी थांबल्या. "भाऊ, हाई काय शे? गादी शे का?" नदीत गादी कोण नेतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. प्रकाशाला मात्र केदारेश्वराच्या घाटाला बोट लावू नये. दक्षिण काशी म्हणून लोक तिथे दिवसकार्याला आलेले असतात, त्यात आपली केशरी बोट आणि लाइफ जॅकेट बरं दिसत नाही. थोडं पुढे जाऊन उतरा.

मोटार लावू का, असं बरेच विचारतात. बॅटरी धरली की वजनाचा सगळा फायदा गेला. आणि फक्त हतनूरलाच फिरायचं असेल तर फायबरची कडक कयाक घ्या, ती वाऱ्यात सरळ चालते. ही हलकी, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की नाक भलतीकडेच वळतं. उजाडताच निघा आणि जाताना पश्चिमेकडे जा, म्हणजे परतताना वारा पाठीवर मिळतो.