सातारा ते शिरवळ, रोज ११२ किलोमीटर: सीएनजी गाडीचे चौदा महिने

२०२४ च्या दसऱ्याला गाडी घेतली. आज मीटरवर ३६,५०० किलोमीटर आहेत. त्यातले लग्नकार्याचे आणि गावाकडचे चार-दोन फेरे सोडले तर बाकी सगळे घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. घर साताऱ्यात, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. एका बाजूने ५६ किलोमीटर, महिन्याला साधारण २३ दिवस.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितलं की माणसं लगेच दोन पार्ट्यांत वाटली जातात आणि हिशेब राहतो बाजूला. एवढं सांगतो की एक लिटरच्या आसपासचं इंजिन, मॅन्युअल गिअर, कंपनीतूनच बसवून आलेली सीएनजी आणि मागे एकच मोठी टाकी. या वर्गातल्या कुठल्याही गाडीला खालचं नव्वद टक्के लागू पडेल.

आधी दोन वर्षं बाइकवर जात होतो. पावसाळ्यात खंबाटकी घाटात धुकं उतरलं की ट्रकचा मागचा लाल दिवा हाच रस्ता. कंबर गेली, मग एसटी धरली. एसटी सकाळी ठीक, पण दुसरी शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, आणि तेव्हा हायवेला उभं राहून हात करत बसावं लागतं. कंपनीची बस साताऱ्यापर्यंत येत नाही. म्हणजे गाडी घेणं हा शौक नव्हता.

डिझेल हा पहिला विचार, कारण आमच्या डोक्यात 'लांबचं रनिंग म्हणजे डिझेल' हे बसलेलं. पण एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा कडक बीएस-६ नियम आला आणि छोट्या डिझेल गाड्या जवळपास संपल्याच. जुनी घ्यावी तर इंजेक्टर आणि टर्बोचा एकच खर्च वर्षभराची बचत खाऊन टाकतो. इलेक्ट्रिकचा विचार मनापासून केला. ११२ किलोमीटरला ती सहज पुरते आणि खर्चात सगळ्यांना मागे टाकते. पण माझी गाडी उभी राहते गल्लीच्या तोंडाशी, नगरपालिकेच्या दिव्याखाली. पहिल्या मजल्यावरून वायर सोडून चार्जिंग करणं म्हणजे रोज शेजाऱ्यांशी भांडण. ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे त्यांनी पुढचं वाचायच्या आधी इलेक्ट्रिक एकदा चालवून बघावी, हे प्रामाणिकपणे सांगतो.

राहिली सीएनजी. आता पैशाचं.

तीच गाडी, त्याच मॉडेलची, पेट्रोलमध्ये घेतली असती तर ९५ हजार कमी लागले असते. मात्र महाराष्ट्रात तेव्हा दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के होता आणि सीएनजीला ७. (२०२५ च्या जुलैपासून सीएनजीचा एक टक्का वाढला आहे.) त्यात पंधरा हजारांच्या आसपास वाचले, म्हणजे खरा फरक ८० हजारांचा. शोरूममधला पोरगा ९५ हजारांवरच अडला होता. टॅक्सचं त्याला मलाच सांगावं लागलं.

ॲव्हरेज मी वहीत लिहितो. चौदा महिन्यांचं मिळून किलोला २९.४ निघालं. कंपनी कागदावर देते तो आकडा यापेक्षा बराच वर आहे, आणि तो कधीतरी दिसतोही: रविवारी, एकटा असताना, एसी बंद ठेवून, ८० च्या वर न जाता. शंभराच्या पुढे गेलो की २६ वर येतं, हे तीन वेळा करून बघितलंय. सातारा ते शिरवळ ८५ ने गेलो काय आणि १०५ ने गेलो काय, सात-आठ मिनिटांचा फरक. ती आठ मिनिटं मी घरून लवकर निघून काढतो.

किलोला नव्वदीच्या थोडा वर भाव धरला तर किलोमीटरला तीन रुपये दहा-पंधरा पैसे पडतात. पेट्रोलवर हीच गाडी लिटरला २० देते, म्हणजे सव्वापाच रुपये. सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू होतं आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जातं, त्या पेट्रोलचे महिन्याला दीड-दोनशे वजा करा. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात असं मी धरतो. ३६,५०० गुणिले दोन, ७३ हजार. म्हणजे ८० हजार अजून वसूल नाहीत! सात हजार बाकी, सव्वा-दीड महिन्यात निघतील. रोज ११२ किलोमीटर चालवून ही गत आहे. ज्याचं रोजचं जाणं-येणं पंचवीस किलोमीटर आहे त्याला हेच पैसे निघायला सहा वर्षं लागतील. त्याने गुपचूप पेट्रोल घ्यावं आणि डिकी पूर्ण वापरावी.

जखमेवर मीठ म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझी गाडी तेव्हा अकरा महिन्यांची. वडील म्हणाले, "थांबला असतास तर?" त्यांना मी उत्तर दिलं नाही, पण तेवढ्या अकरा महिन्यांत माझे पन्नास-पंचावन्न हजार इंधनात वाचले होते, हे नंतर वहीत बघून समाधान करून घेतलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. गाडी निवडताना मी ॲव्हरेज बघितलं, सर्व्हिस बघितली, सीटची उंची बघितली, मायलेजचे सतरा व्हिडिओ बघितले. पंप बघितला नाही. सीएनजीत हीच सगळ्यात मोठी चूक.

टाकीत प्रेशर नीट असेल तर आठ किलोच्या आसपास गॅस बसतो. आठ गुणिले २९.४ म्हणजे २३५ किलोमीटर. माझं दोन दिवसांचं जाणं-येणं २२४. म्हणजे एक दिवसाआड भरणं आलंच, महिन्याला अकरा-बारा वेळा. सुरुवातीचे तीन महिने घराजवळच्या पंपावर जायचो, सरासरी चाळीस मिनिटं रांग. बारा गुणिले चाळीस, आठ तास. महिन्यातली एक अख्खी शिफ्ट मी हँडब्रेक ओढून, पुढच्या रिक्षाचा मागचा पडदा वाचत काढत होतो. ते आठ तास कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये धरलेले नसतात.

आणि रांग संपली म्हणजे टाकी भरली असंही नाही. पाइपलाइन थेट आलेला पंप वेगळा आणि ट्रकवरच्या सिलिंडरांतून गॅस येणारा पंप वेगळा. दुसऱ्या प्रकारात ट्रक रिकामा होत आला की प्रेशर पडतं. आपल्या टाकीत २०० बारपर्यंत भरायला हवं, काटा १४० लाच थांबतो. तुम्ही गाडीतून उतरून, फोन आत ठेवून बाजूला उभे असता, मीटरवर पाच किलो सव्वीस ग्रॅम दिसतं आणि नोझल निघतो. "प्रेशर नाहीये साहेब." पाच किलोत दुसऱ्या दिवशीचा परतीचा घाट पेट्रोलवर.

चौथ्या महिन्यात वाटेतल्या एका पंपावर एका पोराने मला शहाणं केलं. मी त्याच्यावर वैतागलो होतो, तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही चुकीच्या टायमाला येताय. गॅसची गाडी साडेचारला येती. पाचच्या आत या, फुल्ल बसतोय." पहिली शिफ्ट सुटल्यावर मी तिथून पाचच्या आतच जातो! तेव्हापासून दहा मिनिटांच्या वर थांबलो असेन तर ते दिवाळीच्या आठवड्यात. त्याच गाडीत, त्याच भावात, महिन्याचे सहा तास परत मिळाले आणि टाकीही दर वेळी साडेसात-आठ किलो भरायला लागली. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, शोरूमला जायच्या आधी आठवडाभर आपल्या वाटेवरच्या दोन-तीन पंपांवर आपल्याच वेळेला उभं राहून बघा. ट्रक किती वाजता येतो ते विचारा. गाडी नंतर ठरवा.

चालवायला कशी? सपाटीला काही कळत नाही. सकाळी साताऱ्याहून जाताना खंबाटकीचा बोगदा आणि पलीकडचा उतार, तिथेही काही नाही. संध्याकाळी परत येताना मात्र खंडाळ्यानंतर (लोणावळ्याचं नाही, सातारा जिल्ह्यातलं) घाट चढावा लागतो आणि चौघं बसलेले असतील तर गॅसवर इंजिनाचा जीव कळतो. तिसऱ्यात खेचत नाही, दुसऱ्यात आवाज करते. पुढे उसाचा ट्रॅक्टर असेल तर ओव्हरटेकचा विचार सोडून द्यायचा. फारच गरज पडली तर बटण दाबून पेट्रोलवर घेतो, लगेच फरक जाणवतो. पहिल्या महिन्यात हे रोज करायचो. आता ट्रॅक्टरमागे बसायची सवय झाली.

उतारावर न्यूट्रल करणारे अजून भेटतात. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. बोगद्यापलीकडच्या त्या वळणांवर किती गाड्या उलटल्यात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

डिकी नाही. आहे, पण नाही. चार डबे आणि एक छत्री. स्टेपनी टाकीला चिकटून उभी. जुलैमध्ये सुरूर फाट्याच्या अलीकडे पंक्चर झालं, भर पावसात. आधी डबे, मग छत्री, मग माझ्या सौभाग्यवतींनी महिनाभर आधी ठेवलेली रद्दीची पिशवी रस्त्याच्या कडेला काढून ठेवली, तेव्हा स्टेपनीचा नट हाताला लागला. रद्दी तिथेच भिजली. आता दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवणाऱ्या गाड्या आल्यात, कुटुंबाची एकच गाडी असेल तर त्या बघाव्यात.

सर्व्हिस दर दहा हजार किलोमीटरला, म्हणजे मला चार महिन्यांनी. एअर फिल्टर वेळेवर आणि स्पार्क प्लग पेट्रोलवाल्यापेक्षा लवकर. वीस हजारांच्या सुमाराला गॅसवर असताना गाडी हलके झटके देत होती. एका सर्व्हिस सेंटरने दोनदा 'गॅस खराब असेल' म्हणून परत पाठवलं. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने प्लग काढून दाखवले, गॅप वाढलेला. प्लग बदलले, झटके गेले. वॉरंटीचंही असंच. वर्षांकडे बघू नका, पुढचा किलोमीटरचा आकडा बघा, आपले किलोमीटर आधी संपतात. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या प्रेशरवरची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, त्याची पट्टी बघितल्याशिवाय पंपावर गॅस देत नाहीत. माझी अजून लांब आहे.

टोलचं एक. आनेवाडीला रोज दोनदा पैसे कटायचे. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा तीन हजारांचा वार्षिक पास आला, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाव वार्षिक असलं तरी माझा सव्वाचार महिन्यांत संपतो. तरी एका वेळचे पंधरा रुपये पडतात, तेव्हा तक्रार नाही.

टायर चाळीस हजार किलोमीटरला बदलावे लागतील असं दिसतंय. पुढच्या दोनांची नक्षी उथळ झालीय.

गेल्या मार्चपासून कंपनीतले दोघं सोबत येतात, गॅस वाटून घेतो, ते पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. मागची एक जागा अजून रिकामी आहे. पहिल्या शिफ्टला वाढे फाट्यावरून सहा वाजून पाच मिनिटांनी निघतो. डबा मांडीवर घ्यावा लागेल.