मिक्सर दुरुस्त करावा की नवा आणावा?

दोन्ही करून झालं आहे. आईच्या वापरातला जुना मिक्सर अधूनमधून दुरुस्त करत वापरला, मध्ये काही काळ नवाही वापरला.

नव्याचे फायदे खरे आहेत. तो उचलायला हलका, झाकण घट्ट बसतं, वॉरंटीत चिंता नाही. बदलीची नोकरी असेल, गावात धड कारागीर नसेल तर बहुधा नवाच बरा.

नव्यावरून माझं मन फिरलं ते भांड्याच्या बुशमुळे, म्हणजे तळातल्या छोट्या नळीमुळे. पात्याचा दांडा ज्या बुशमधून फिरतो ते झिजलं की ओलं वाटण खाली झिरपतं. खोबऱ्याची चटणी केली की ओट्यावर पांढरा ओघळ, कपलरपाशी, म्हणजे मोटर आणि पातं जोडणाऱ्या तळाच्या चकतीपाशी, ओल, आणि तीच ओल पुढे मोटरीत. जुन्या भांड्याला हे झालं तेव्हा कारागिराने बुश, वॉशर आणि पातं माझ्यासमोर बदलून दिलं. नव्याचा तळ मात्र कायमचा बंद केलेला. स्टील चकचकीत, पात्याला धार, तरी उत्तर एकच: अख्खं भांडं नवं घ्या. चांगली वस्तू अशी टाकायची हे मला आजही पटत नाही.

कार्बन (मोटरीला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले असतील किंवा कपलर तुटला असेल तर विचारसुद्धा करू नका, दुरुस्त करा. भार वाढला की कपलरने आधी तुटायचं आणि मोटर वाचवायची, अशीच ती रचना असते. सुटे भाग मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलं असेल तर गणित बदलतं. रिवाइंडिंगचा, म्हणजे तार पुन्हा गुंडाळण्याचा, खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर मीही कदाचित दुरुस्ती सोडेन. पण नवा आणला की जुनी भांडी त्यावर सहसा बसत नाहीत, तेही हिशेबात धरा.

पंख्याला हा न्याय लावू नये. मिक्सर दिवसातून काही मिनिटं चालतो, त्याच्या विजेची चिंता नको. पंखा रात्रंदिवस फिरतो. जुना ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा पंखा, ३० च्या आसपास. तिथे वायंडिंग (मोटरीतली तारेची गुंडाळी) जळलं तर नवाच घ्यावा.

मिक्सर नवा घ्यायचाच असेल, तर दुकानात भांडं उलटं करून बघा. तळाचा कपलर आणि त्यामागचा नट खोलता येतो का, बुश सुटं मिळतं का, हे विचारा. वॅट त्यानंतर बघितले तरी चालतील.