कोविडकाळातलं मूल्यांकन: पन्नास-पन्नासला साडेतीन, ओपन बुकला दोन

2020 मध्ये इंदूरच्या कॉलेजांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाला परीक्षेविना बढती मिळाली, शेवटच्या वर्षाला घरबसल्या ओपन बुक, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून लिहायची परीक्षा. शीर्षकातले गुण पाचपैकी.

बढतीमागचं सूत्र विद्यापीठ अनुदान आयोगाचं, एप्रिल 2020चं: निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागच्या सत्राचे. कागदावर सरळ. आता हिशेब मांडा. अंतर्गत 40 पैकी 32, म्हणजे 80 टक्के. मागच्या सत्रात 70 टक्के असतील तर 40 अधिक 35, एकूण 75. त्याच मुलाला मागच्या सत्रात डेंग्यूने गाठलं आणि 38वर अडकला, तर 40 अधिक 19, एकूण 59. यंदाचं काम तेच, फरक 16 टक्क्यांचा. आजवरच्या सगळ्या सत्रांची सरासरी धरली असती तर ही तफावत बरीच आटोक्यात आली असती. वार्षिक पद्धतीत प्रथम वर्षाला मागचं काही नसतंच, म्हणून शंभर टक्के अंतर्गत. तिथे सगळं कॉलेजच्या हातात: कुठे हात सढळ, कुठे आखडता. तरी साडेतीन का? गुण वाढवायचे असतील त्यांना पुढच्या सत्रात विशेष परीक्षेची सोय याच सूचनांत होती.

शेवटच्या वर्षाची परीक्षा जुलैच्या सुधारित सूचनांनी सक्तीची केली. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की राज्यं तारीख पुढे मागू शकतात, परीक्षेविना पदवी देऊ शकत नाहीत. मध्य प्रदेशाने सप्टेंबरात ओपन बुक काढलं: पेपर वेबसाइटवरून उतरवायचा, घरी हाताने लिहायचा, कॉपी (उत्तरपत्रिका) केंद्रावर जमा करायची. नेट धड नसलेल्यालाही हे जमतं, एवढं श्रेय द्यायलाच हवं. खोट प्रश्नांत असते. ‘व्याख्या लिहा, प्रकार सांगा’ असा पेपर पुस्तक उघडं ठेवून सोडवला की सगळ्या कॉप्या एकसारख्या, आणि तपासणारा शेवटी अक्षर बघून गुण देतो. त्याऐवजी एखादा ताळेबंद देऊन ‘कर्ज द्यावं का, कारणासह लिहा’ विचारलं तर पुस्तक असून नसल्यासारखं. पण असे प्रश्न काढायला वेळ लागतो, आणि तपासायला त्याहून जास्त.

पुन्हा अशी वेळ आली तर कॉपी देताना मुखपृष्ठाचा फोटो काढा, रोल नंबर आणि पेपर कोड दिसेल असा. शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कॉपी भलत्या गठ्ठ्यात गेली तर निकालात ‘अनुपस्थित’ येऊ शकतं, आणि मग दाखवायला हातात एवढंच असतं.