पॅरेंट कौन्सिलकडून घेतलेला ऑरेंज शर्ट: ५ पैकी ४ स्टार

आम्ही कॅनडात, बीसीमध्ये (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) सरेला राहतो, इथे सप्टेंबर लागला की शाळेचा ईमेल येतोच, ३० सप्टेंबरच्या ऑरेंज शर्ट डेसाठी मुलांना ऑरेंज शर्ट घालून पाठवा. यंदा आमच्या पॅरेंट कौन्सिलने, म्हणजे शाळेच्या पालक मंडळाने, स्वतःच ऑर्डर काढली, म्हणून पोराला एक आणि मला एक घेतला.

आधी कपड्याचं सांगते. कॉटन चांगलं जाड आहे, रंग दसऱ्याच्या झेंडूसारखा, पण पहिल्या धुण्याला सुटतो, पांढऱ्या कपड्यांत अजिबात टाकू नका. प्रिंट अजून तडकलं नाहीये. साइझ लहान येते, एक नंबर मोठाच घ्या, तसंही तेव्हा थंडी सुरू होते आणि आत काहीतरी घालावंच लागतं.

किंमत २५ डॉलर. त्यावरून ग्रुपवर जी काय जुंपली! ऑनलाइन १२ ला मिळतो म्हणे. मिळतो ना, पण तो विकणारा कोण, डिझाइन कुणाचं ढापलंय, पैसे कुठे जातात, काही पत्ता नाही. कौन्सिलने डिझाइन एका फर्स्ट नेशन्स (इथल्या मूलनिवासी) कलाकाराकडून रीतसर पैसे देऊन घेतलं आणि वर उरलेली रक्कम हा दिवस चालवणाऱ्या ऑरेंज शर्ट सोसायटीला दिली, मला तरी हे पटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७३ मध्ये फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मूलनिवासी मुलगी आजीने घेऊन दिलेला नवाकोरा केशरी शर्ट घालून विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन रेसिडेन्शियल स्कूलमध्ये गेली आणि पहिल्याच दिवशी तिथे तो काढून घेतला. अशा निवासी शाळांमध्ये देशभरातून दीड लाखाच्या आसपास मूलनिवासी मुलं घरापासून तोडून नेली होती, आपली भाषा बोललं तरी शिक्षा. साधारण सप्टेंबरमध्येच मुलांना न्यायचे, म्हणून या दिवसासाठी ३० सप्टेंबर ही तारीख. पोराच्या वर्गात एक एल्डर (मूलनिवासी समाजातल्या जाणत्या ज्येष्ठ बाई) येऊन बोलून गेल्या, त्या रात्री जेवताना हा विचारतो, "मग नंतर तरी दिला का परत?" नाही म्हटलं. तर म्हणे, "मग आजीला काय सांगितलं?" आता काय उत्तर देणार.

"आपण परवा आलो, आपला काय संबंध" हे आपल्या मराठी मंडळींकडूनही ऐकलंय. अहो, या शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनच्या २०१५ च्या ९४ शिफारशींपैकी शेवटच्या दोन नव्याने येणाऱ्यांबद्दलच आहेत, आणि त्यामुळेच २०२१ मध्ये सिटिझनशिपची शपथ बदलली. आता शपथ घेणारा प्रत्येकजण मूलनिवासींचे हक्क आणि करार मानतो असं तोंडाने म्हणतो, मग शाळेत २५ डॉलरला का कुरकुर?

एक स्टार कापला तो शर्टासाठी नाही. सगळं मुलांपुरतंच ठेवलं, पालकांच्या वाट्याला फक्त ऑर्डर फॉर्म. संध्याकाळी तासभर आम्हालाही बोलावलं असतं तर ग्रुपवरची निम्मी भांडणं झालीच नसती.

आणि हो, बीसीत २०२३ पासून ३० सप्टेंबरला सुट्टी असते, त्यामुळे शाळेत शर्ट आदल्या आठवड्यातच लागतो. ऑर्डर लवकर टाका, लहान मुलांच्या साइझ आधी संपतात.