केटोकोनाझोल २ टक्के: कोंड्याच्या शाम्पूबद्दल, आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या साध्या शाम्पूबद्दलही

मी नाटकांची प्रकाशयोजना सांभाळते. विंगेत उभं राहायचं तर काळे कपडे लागतात, आणि काळ्या शर्टाच्या खांद्यावर कोंड्याचा एकेक कण उठून दिसतो. त्यात डोक्यावर तासन्‌तास दाबलेली हेडसेटची पट्टी, दिव्यांची उष्णता, घाम. केस कमरेपर्यंत, घट्ट वेणीत. खाज, कोंडा आणि लांब केस असं सगळं एकत्र असलं की शाम्पू निवडणं अवघड होऊन बसतं. कोंड्याला चालेल तो केसांना कोरडा करतो, केसांना मऊ करील तो मुळाशी चिकट वाटतो. आता माझ्या न्हाणीघरात दोन बाटल्या आहेत आणि दोघींची कामं वेगळी आहेत. त्यातली महत्त्वाची आधी.

ती म्हणजे केटोकोनाझोल २ टक्के असलेला औषधी शाम्पू. कंपनीचं नाव देत नाही, कारण केटोकोनाझोल हे औषधाचंच नाव आहे आणि बऱ्याच कंपन्या हा शाम्पू बनवतात. मी वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरले. वास आणि फेस वेगळा, गुण सारखाच. घेताना घटकांत केटोकोनाझोल आहे का आणि किती टक्के आहे, एवढं बघितलं की झालं. काही देशांत २ टक्क्यांचा शाम्पू डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत तसंच आहे, तिथे १ टक्क्याचा मात्र सरळ दुकानातून घेता येतो.

हा का चालतो ते समजून घेतल्याशिवाय वापरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण निम्मा गुण वापरण्याच्या पद्धतीत आहे. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असतंच. त्याला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते आपल्या तैलग्रंथींतून येणाऱ्या तेलावर जगतं. ते तेल पचवताना ओलेइक आम्लासारखी मेदाम्लं मागे उरतात आणि काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत. त्वचा चिडते, खाज सुटते, पेशी घाईघाईने वर येतात आणि सुट्या सुट्या गळण्याऐवजी गठ्ठ्याने सुटतात. खांद्यावर पडतो तो हा गठ्ठा. म्हणजे कोंडा असणं हे अस्वच्छतेचं लक्षण नाही. यीस्ट सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, फक्त त्यावर चिडणारी त्वचा सगळ्यांची नसते. ही गोष्ट मी नाटकात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आवर्जून सांगते, कारण कोंड्याची लाज वाटून कित्येक जण कोणाला विचारतच नाहीत.

याच यीस्टच्या बहुतेक जाती प्रयोगशाळेत वाढवायच्या तर बशीत तेल घालावं लागतं, त्याशिवाय त्या वाढत नाहीत. हे वाचल्यापासून 'डोकं कोरडं पडलंय, म्हणून पापुद्रे निघतायत, जरा तेल चोळ' हा सल्ला मी ऐकून घेते आणि सोडून देते. केसांच्या टोकांना तेल लावा, हरकत नाही. खाजणाऱ्या टाळूवर मात्र नको.

बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो तयार होण्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) केटोकोनाझोल बंद पाडतं. शिवाय ते केराटिनला, म्हणजे त्वचा आणि केसांतल्या प्रथिनाला, चिकटून राहतं, त्यामुळे धुऊन टाकल्यावरही काही काळ काम करत राहतं. आठवड्यातून दोनदा पुरतं ते त्यामुळेच. याच औषधाच्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते, म्हणून २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या औषध नियामकांनी त्यांच्यावर कडक पावलं उचलली. ती बातमी वाचून कोणी शाम्पूला घाबरत असेल तर सांगते: लावून धुऊन टाकलेल्या शाम्पूतून औषध रक्तात जवळजवळ जातच नाही.

आता वापर. सांगितलेली पद्धत अशी आहे: सुरुवातीला दोन ते चार आठवडे, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी लावून ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा. नंतर परत होऊ नये म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा. हा शाम्पू लावला आणि गुण आला नाही असं म्हणणाऱ्या कोणालाही मी पहिल्यांदा तीन ते पाच मिनिटांबद्दलच विचारते. लावला, फेस काढला, लगेच पाणी ओतलं, तर औषधाला वेळच मिळत नाही. मी घड्याळ लावते. रंगमंचावर दिवा सेकंदभर आधी विझला तर प्रवेश बिघडतो, ती सवय इथे उपयोगी पडते.

आधी एकदा साध्या शाम्पूने डोकं धुऊन घेते, म्हणजे तेल-घाम निघून जातो आणि औषध थेट त्वचेला लागतं. मग ओल्या केसांत बोटांनी भांग पाडत जायचं आणि प्रत्येक भांगात थोडा थोडा लावायचा: कानामागे, मानेच्या वर, कपाळाच्या कडेला. ह्या जागा सगळे विसरतात आणि पापुद्रे तिथेच जास्त असतात. लावायचा बोटांच्या पेरांनी, नखांनी अजिबात नाही. खाजतंय म्हणून नखं लावण्याचा मोह फार होतो, पण त्याने त्वचा सोलवटते आणि मग शाम्पू झोंबतो.

माझा अनुभव म्हणाल तर खाज आधी थांबली आणि त्यानेच सगळ्यात जास्त सुख दिलं. हेडसेट काढल्या काढल्या डोकं खाजवायची सवय आपोआप सुटली. पापुद्रे हळूहळू कमी झाले, कानामागचे सगळ्यात शेवटी. पूर्ण बंद केला की काही काळाने परत सुरू होतं. यीस्ट तिथलंच रहिवासी आहे, ते कायमचं हाकलता येत नाही. 'मुळापासून कायमचा नायनाट' असं ज्या बाटलीवर लिहिलेलं असेल ती मी परत फळीवर ठेवते.

दोष आहेत, आणि ते लांब केसांना जास्त जाणवतात. केस रखरखीत होतात. वास औषधी आहे. डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. रंगवलेल्या किंवा रसायनांनी सरळ केलेल्या केसांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा अशांनी आधी विचारून घ्यावं. हा पूर्ण केसांना चोळायचा नाहीच. मुळांना लावायचा, धुताना टोकांवरून वाहून जातो तेवढा पुरे, आणि नंतर कानांच्या खाली कंडिशनर.

म्हणूनच दुसरी बाटली लागते, आणि तिची निवड मी पहिलीइतकीच मन लावून करते. बाटलीची पुढची बाजू मी वाचतच नाही. मागे घटकांची यादी असते, ती प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिलं पाणी. त्यानंतर येतात ते खरे धुणारे घटक, आणि बाटली सौम्य आहे की कडक ते तिथेच कळतं. सोडियम लॉरिल सल्फेट त्यातलं कडक, सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य. त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर मिश्रण आणखी मवाळ होतं. माझ्या बाटलीत हीच जोडी आहे आणि माझं काम उत्तम चालतं. 'सल्फेट-फ्री' या शब्दाची मला भुरळ पडत नाही. सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट हेही सल्फेट नाही, तरी तेल चांगलंच ओढून काढतं. केस रंगवलेले किंवा फार कोरडे असतील तर सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू जरूर घ्या, फक्त सल्फेटच्या जागी काय घातलंय तेही वाचा.

एक युक्ती सांगते, मला फार आवडते. यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधायचं. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि युरोपच्या नियमांत त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. १ टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. तेव्हा त्याच्यानंतर लिहिलेली सगळी फुलं, अर्क, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं १ टक्क्याच्या आतली. पुढच्या बाजूला ज्या फुलाचं मोठं चित्र असतं ते बहुतेक वेळा इथेच सापडतं. बाहेर आलेला केस तसाही मृत असतो. त्याला खाऊ घालता येत नाही, जपता येतं.

आम्लता कुठे लिहिलेली असेल तर तीही बघते. ती पीएचने मोजतात, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ असतो आणि केसाचा त्याहून कमी, ३.६७ च्या आसपास. शाम्पू जितका त्याच्या वर जातो तितकी केसावरचे खवल्यांचे थर उघडे पडतात, केस एकमेकांना घासतात आणि गुंता होतो. साध्या अंगाच्या साबणाने केस धुतल्यावर ते राठ का होतात त्याचं कारणही हेच. सिलिकोनला लोक उगाच बदनाम करतात. डायमेथिकोन हे सिलिकोनच, ते केसावर पातळ थर देतं, विंचरताना घर्षण कमी होतं. बारीक, विरळ केसांना ते जड वाटू शकतं, एवढंच.

किती वेळा धुवायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. रोज धुतलं की डोकं जास्त तेल सोडायला लागतं आणि कमी धुतलं की त्याला सवय होते, असं बरेच जण मानतात. तैलग्रंथी हार्मोन्सच्या सांगण्यावर चालतात, वर किती वेळा पाणी ओतलं हे त्यांना कळत नाही. २०२१ मध्ये आशियाई लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून ५-६ वेळा केस धुणारे आपल्या केसांबद्दल आणि टाळूबद्दल सगळ्यात समाधानी होते. त्याच लेखात अंटार्क्टिकावर गेलेल्या एका तुकडीचीही माहिती आहे: तिथे धुणं कमी झालं आणि खाज, पापुद्रे आणि मॅलॅसेझिया तिन्ही वाढली. अभ्यास शाम्पू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवूनच मी तो वाचला. तरी माझ्या डोक्याचा अनुभव त्याच बाजूचा आहे. प्रयोग असेल त्या दिवशी घाम येतो, त्या रात्री मी केस धुतेच. उलट दाट कुरळ्या केसांत तेल टोकांपर्यंत उतरतच नाही, ते लवकर कोरडे पडतात. अशांना आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी पुरतं. मैत्रिणीचं वेळापत्रक उचलू नका, स्वतःच्या टाळूला विचारा.

धुण्याची रीत थोडक्यात. आधी कोरडेच केस विंचरून गुंता काढायचा. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. कोमट पाणी, केस पूर्ण भिजेपर्यंत. शाम्पू फक्त मुळांशी. पहिल्यांदा फेस कमी येतो कारण तेल फेस मारतं. दुसऱ्यांदा थोड्याशाच शाम्पूला भरपूर फेस येतो, म्हणजे डोकं स्वच्छ झालं. पहिल्याच वेळी फेस आला नाही म्हणून ओंजळभर ओतायची गरज नाही. टोकांना वेगळा शाम्पू लागत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे माझ्या वेणीचं टोक कित्येक वर्षांचं आहे. इतकी वर्षं ऊन, कंगवा, रबर सोसलेल्या केसाला चोळायचं कशाला? तिथे कंडिशनर. टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, रगडायचं नाही. आणि वेणी घालण्याआधी मुळं पूर्ण वाळू द्यायची. ओल्या मुळांवर हेडसेट चढवला की संध्याकाळी खाज ठरलेली.

धुताना हातात केस येतात त्याची धास्ती घेणाऱ्यांसाठी: दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. दोन-तीन दिवसांनी धुतलं की तेवढ्या दिवसांचे साठलेले एकदम दिसतात.

केटोकोनाझोलने भागत नसेल तर दुसरे पर्याय आहेत. सॅलिसिलिक आम्लाचा शाम्पू जाड खपल्या सैल करतो. सेलेनियम सल्फाइड चांगलं चालतं, वास मात्र सोसावा लागतो. झिंक पायरिथिऑन अनेक देशांत मिळतं, पण युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून ते सौंदर्यप्रसाधनांतून काढलं आहे. तिथल्या कोंड्याच्या शाम्पूंत आता पिरोक्टोन ओलामाइन दिसतं. जाड, चंदेरी, कडा स्पष्ट असलेले चट्टे, एकाच जागी गळालेले केस, पू, लहान मुलाचं डोकं, किंवा महिनाभर नीट वापरूनही काहीच फरक नाही, असं असेल तर शाम्पू बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

बाटल्यांबद्दल एक खरी तक्रार आहे. 'तीन ते पाच मिनिटं ठेवा' ही सगळ्यात महत्त्वाची सूचना इतक्या बारीक अक्षरांत असते की ओल्या हाताने, चष्म्याशिवाय, न्हाणीघरातल्या उजेडात ती वाचता येत नाही. माझ्या बाटलीवर मी जाड मार्करने '५ मिनिटं' लिहून वर चिकटपट्टी लावली आहे. पुढची बाटलीही हीच घेणार आहे.